तिकडचा जागेवाला

"फ्लॅट नंबर सांगा."

"फ्लॅट नाय. खाली पार्किंगात जाऊचा असा," बाबा म्हणाले.

"पार्किंगमध्ये कोणाकडे?"

"राखणदाराकडे."

वॉचमनने आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या खिशावरच्या पट्टीवर शिवदास असं नाव होतं. तो म्हणाला, "काका, इथं राखण करणारे आम्हीच तिघं आहोत. त्यातला कोण पाहिजे?"

मला हसू आलं नाही. रविवारचे अकरा वाजले होते. मागे डिलिव्हरीच्या दोन बाइक हॉर्न वाजवत उभ्या होत्या. आणि माझे एकाहत्तर वर्षांचे वडील, लवू मेस्त्री, कापडी पिशवीत एक नारळ, उदबत्तीचा पुडा आणि केळीचं पान घेऊन तीस मजली टॉवरच्या गेटवर ताठ उभे होते. आठवड्यातला माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस हा असा चालला होता.

"दादा, आत शेंदूर लावलेला एक दगड आहे ना, जाळीच्या आत?" मी म्हटलं. "त्याच्यापुढे नारळ ठेवतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो."

"आहे की. सतरा नंबरच्या खांबापाशी. पण ताई, ह्यात फ्लॅट नंबर टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही." त्याने हातातला टॅब माझ्याकडे वळवला. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर. खाली येण्याचं कारण: पाहुणे, डिलिव्हरी, घरकाम, दुरुस्ती, लॅब. देवदर्शन असा काही पर्याय दिलेला नव्हता.

"सेक्रेटरींना फोन लावा मग."

"साहेब मनोरीला गेलेत, फॅमिली घेऊन. उद्या येतील. आणि आले तरी नाही म्हणतील, मी आत्ताच सांगतो तुम्हाला."

"हो दगड ह्या गेटाच्या आधीचो असा," बाबा म्हणाले.

"असेल ना काका. मी तर इथं मार्चपासून आहे."

आम्ही घरी परत आलो. घर म्हणजे त्या टॉवरच्या बरोब्बर मागे. एके काळी ही सगळी जागा आमच्या चाळीची होती. चाळ पाडली, आम्हाला मागे सात मजल्यांची बिल्डिंग मिळाली, पुढे विकायचा टॉवर उभा राहिला, मध्ये भिंत आली, आणि दगड भिंतीच्या पलीकडे गेला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो चाळीस पावलांवर असेल. पण जायचं तर फिल्मसिटी रोडला वळसा घालून त्या गेटवर, आणि तिथे फ्लॅट नंबर.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या भावामुळे.

हर्षद माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा. नऊ वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला, स्टुटगार्टजवळच्या एका गावात, गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात. पाच वर्षांसाठी म्हणून गेला होता. तेव्हापासून त्याचा प्रत्येक फोन म्हणजे एक तुलना असते. "रुचू, इकडे बस सात सत्तावीसची म्हणजे सात सत्तावीसलाच." "रुचू, इकडे रविवारी कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही." मी इथे ऑटोसाठी स्टेशनबाहेर पाऊण तास उभी असते तेव्हाच त्याला हे सांगायचं सुचतं. आणि त्याची बायको श्रुतिका मला वेगळंच सांगते. तिथे म्हणे तो जेवताना रोज गोरेगाव काढतो. आमच्याकडे शेजारी न विचारता घरात येतात, आमच्याकडे कोणी आजारी पडलं तर सगळा मजला जागा, आमच्या बेकरीतला पाव. म्हणजे गोरेगावात जर्मनीचं कौतुक आणि जर्मनीत गोरेगावचं. जिथे असेल तिथे या माणसाला सुख म्हणून नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला की घर घेतलंय. मागे थोडी मोकळी जागा आहे, एक डिसेंबरला राहायला जाणार. श्रुतिकाला सातवा महिना होता. तिची याआधी दोन बाळं गेली होती, दोन्ही चौथ्या महिन्यात, त्यामुळे या वेळी आम्ही कोणी मोठ्याने आनंदसुद्धा करत नव्हतो. ती फोनवर आली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, आम्ही घरात जायच्या आधी तुम्ही गाऱ्हाणं घालाल का? व्हिडिओवर. मला बरं वाटेल."

आमच्याकडे मालवणी लोकांत नव्या घरात राहायला जाताना हे असतंच. घरातला मोठा माणूस हात जोडून मोठ्या आवाजात सगळं सांगतो. कोण आलंय, कुठून आलंय, काय हवंय. आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबांचं गाऱ्हाणं आमच्या चाळीत नावाजलेलं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. मला वाटलं, चला, ते खूश होतील.

बाबांनी विचारलं, "थयलो जागेवालो कोण?"

"जागेवाला?" हर्षद म्हणाला.

"घर ज्या जमनीवर असा, तेचो राखणदार. हाक कोणाक मारू मी?"

"बाबा, इथे राखणदार बिखणदार नसतो. जागा आमच्या नावावर झालीये. रीतसर."

"नसता कसो? जमीन असा मा? मगे जागेवालोय असा."

"तुम्ही गणपतीचं नाव घ्या ना."

"गणपती काय तुमच्या मागच्या अंगणात रवता?"

दुसऱ्या दिवशी हर्षदने मला चौदा पानांची एक फाइल पाठवली. त्या जमिनीचे १९६१ पासूनचे सगळे मालक, जर्मन भाषेत, नकाशासकट. मी ती छापून आणली. बाबांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघितला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "ह्यो मालकांचो कागद. माका जागेवालो व्हयो."

बाबा असे का आहेत, हे सांगायला हवं. ते कुडाळजवळच्या एका वाडीतून एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आले आणि गोरेगावच्या स्टुडिओत सेटवरचे सुतार झाले. चौतीस वर्षं त्यांनी घरं बांधली. पुढून हवेली आणि मागून बांबू. दहा दिवसांत उभी करायची, अकराव्या दिवशी पाडायची. तिथे कधी त्यांनी कोणाला नारळ ठेवला नाही. पण १९८४ साली आई पोटुशी असताना त्यांनी चाळीत स्वतःची खोली घेतली तेव्हा दोन दिवस ते उंबऱ्याबाहेर बसून राहिले. ही जागा कोणाची, कोणालाच सांगता येईना. वाणी राजस्थानचा, शेजारी साताऱ्याचे, मुकादम आजमगढचा. शेवटी आरेच्या बाजूच्या पाड्यावरून पालेभाजी विकायला येणारी चंपा म्हणून एक वारली म्हातारी होती, तिला त्यांनी विचारलं. ती त्यांना चिंचेखालच्या या दगडाकडे घेऊन गेली. हा वाघोबा, म्हणाली, आम्ही ह्याला विचारून राहतो, तू पण विचार. त्या संध्याकाळी आई खोलीत शिरली आणि पुढच्या महिन्यात माझा जन्म झाला. ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली आहे.

"तसोच थय कोणीतरी जुनो माणूस असतलो," बाबांनी हर्षदला सांगितलं. "तेका इचार, आमच्या आधी हयसर कोण होता."

"बाबा, इकडे असं कोणाच्या दारावर जाऊन टकटक करत नाहीत. आधी कळवावं लागतं."

"मगे कळव."

"काय कळवू? माझ्या वडिलांना तुमच्या जमिनीवरचं भूत हवंय?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग रोज दोघांच्या मध्ये मी. माझं काम घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं. सकाळी सहाला निघते, दिंडोशीपासून ओबेरॉय मॉलच्या मागच्या गल्लीपर्यंत पंधरा-सोळा घरं करते आणि डबा घेऊन लॅबवर जाते. लोक उपाशीपोटी असतात त्यामुळे सगळे चिडलेले. हर्षदचा फोन नेमका मी कोणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत असताना यायचा.

"रुचू, तू समजाव ना यार त्यांना. एक कॉल आहे फक्त."

"तूच समजाव. तुझेपण वडील आहेत ते."

"मी इथून काय करू?"

हे त्याचं आवडतं वाक्य. आई आयसीयूत होती तेव्हाही हेच, चाळ पाडली तेव्हाही हेच, बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळीही हेच. मी इथून काय करू. मी फोन कापला आणि शिर शोधायला लागले.

पण श्रुतिकाने त्याला सोडलं नाही. त्याने शेवटी शेजारच्या म्हातारीच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली. तिने चार दिवसांनी उत्तर टाकलं की येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता कॉफीला या. तीन म्हणजे तीन, हर्षदने मला सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. तिथे त्यांनी केक खाल्ला आणि हर्षदने घाम पुसत पुसत विचारलं.

म्हातारी हसली नाही म्हणे. तिचं सासर तिथलंच. ही घरं व्हायच्या आधी तिथे तिच्या सासऱ्याची नाशपातीची बाग होती. त्यातलं एकच झाड उरलंय, ते आता हर्षदच्या अंगणाच्या कोपऱ्यात. तिचे सासरे सगळी फळं उतरवायचे, पण शेवटचं एक फांदीवरच ठेवायचे. त्याला कोणी हात लावायचा नाही. कोणासाठी ठेवायचे, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पण त्या माणसाकडून जमीन घेणाऱ्या कोणीच ते झाड तोडलेलं नाही.

"तोच," बाबा फोनवर ओरडलेच. "तोच तो! रे झिला, तुका गावलो जागेवालो!"

मला वाटलं, सुटलो. आता रविवारी गाऱ्हाणं होईल आणि मला झोपायला मिळेल. पण बाबा दुसऱ्या दिवसापासून टाळायला लागले. आधी म्हणाले अमावास्या जाऊ दे. मग घसा बसलाय म्हणाले. मग म्हणाले, त्याआधी वाघोबाकडे जायला हवं. आणि म्हणून आम्ही त्या गेटवर.

परत आल्यावर मी चप्पल भिरकावली. "तुमचा काय खेळ चाललाय बाबा? तुम्हाला जागेवाला पाहिजे होता, तो मिळाला. आता हा वाघोबा मध्येच कशाला? त्याचा काय संबंध जर्मनीशी?"

बाबा पिशवीतून नारळ काढून ओट्यावर ठेवत होते.

"त्याने घर घेतलं म्हणून राग आलाय ना तुम्हाला? मग सरळ सांगा. मलापण आलाय. पाच वर्षं म्हणाला होता. पण तिला सातवा महिना आहे, तिला कशाला ताटकळत ठेवता?"

"राग नाय गो."

"मग काय?"

ते स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी नारळाची शेंडी सारखी केली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तो गेलो त्या दिवशी सकाळी मी थय गेललंय. तू झोपलेली होतंस. वाघोबाक गाऱ्हाणा घातलंय."

"सुखरूप ने म्हणून?"

"नाय. म्हटलंय, पाच वर्सां जाऊ दे. पण तेचो पाय थय ठरवू नको. परत हयसर आणून सोड."

मला पहिल्यांदा कळलंच नाही की यात काय आहे. मग कळलं.

"पाय ठरूक नाय, तर पाळणो कसो ठरतलो?" बाबा म्हणाले. "दोन पोरां गेली, रुचिरा. दोन. ती माझ्या मागण्यान गेली."

"बाबा, वेड्यासारखं काय बोलताय? त्याला मेडिकल कारणं असतात. तिचे रिपोर्ट मी स्वतः बघितलेत. तिच्या रक्तात..."

"ती तुझी कारणां," ते म्हणाले. "माझा माका म्हायत असा."

नऊ वर्षं हा माणूस एकट्याने हे घेऊन बसला होता. दोन्ही वेळा बातमी आली तेव्हा तो देवासमोर जाऊन उभा राहिला होता आणि मला वाटलं होतं, प्रार्थना करतोय. मला त्यांची कीव आली आणि तितकाच संतापही आला. मी म्हटलं, "त्याच्यासाठी देवाला वेठीला धरलंत. मी चाळीस वर्षं इथेच आहे. माझ्यासाठी कधी काय मागितलंत?"

त्यांनी खरोखर गोंधळून माझ्याकडे बघितलं. "तुझ्यासाठी मागूचा काय? तू असस मा हयसर."

मी आत जाऊन पंखा लावून पडले. रडले नाही, पण डोकं दुखलं.

आता ते काय करायचं म्हणत होते ते मला समजलं होतं. वाघोबाला केलेलं मागणं मागे घ्यायचं होतं. आधी इथून सोडवायचं, मग तिकडे सोपवायचं. आणि एकदा सोपवलं की तो परत येणार नाही, हे त्यांच्या हिशोबी तेव्हाच नक्की होणार होतं. म्हणून अमावास्या, म्हणून घसा. त्यांना मागणं मागे घ्यायचंही होतं आणि नव्हतंही.

बुधवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "त्या गेटातसून आत जाऊक दुसरी काय वाट नाय?"

वाट होती. मी दर आठवड्याला लॅबचा कोट घालून त्याच गेटातून आत जाते. अकराव्या मजल्यावरच्या माधुरी मॅडमची दर शनिवारी उपाशीपोटीची साखर असते. टॅबवर 'लॅब' असा पर्याय आहेच. रविवारी हे मला सुचलं नव्हतं असं नाही, पण पोटापाण्याच्या कामात देव घुसवायची मला लाज वाटली होती. आता वाटेनाशी झाली.

शनिवारी सकाळी सातला आम्ही गेटवर उभे राहिलो. बाबांच्या खांद्याला माझा नमुन्यांचा थंड डबा, अंगात माझा जुना पांढरा कोट. बाह्या चार बोटं आखूड होत होत्या.

"लॅब," मी म्हटलं. "अकराशे चार."

शिवदासने टॅबमधून मान वर केली. "आणि हे?"

"असिस्टंट."

त्याने बाबांना ओळखलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. त्याने टॅबवर बोट टेकवलं, वरून मॅडमचा होकार आला, आणि दांडा वर गेला. मी वर जाऊन चार मिनिटांत रक्त घेतलं. मॅडमना वाटलं असेल हिला आज झालंय काय, कारण नेहमी आम्ही त्यांच्या सुनांबद्दल थोडं बोलतो.

खाली सतराव्या खांबापाशी बाबा आधीच पोचले होते. दगडाला गुलाबी टाइल्सचा कोनाडा केलेला होता, पुढे जाळी, आणि जाळीला टेकवून कोणीतरी लहान मुलाची सायकल साखळीने बांधलेली. चिंच केव्हाच गेली होती. बाबांनी सायकल हाताने जरा बाजूला धरली, केळीचं पान अंथरलं, नारळ ठेवला. उदबत्ती लावू नका म्हणून मी आधीच बजावलं होतं, धुराचा भोंगा वाजला असता. कोट काढून त्यांनी माझ्याकडे दिला.

"बा वाघोबा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा!" सगळ्या गाड्यांमधून तो आवाज घुमला. "नऊ वर्सांमागे ह्याच ठिकाणी उभो रवान मी तुका मागणा केलंय. माझ्या झिलाचो पाय परमुलखात ठरवू नको, असा म्हटलंय. ता मागणा आज मी मागे घेतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आमच्याकडे हे पुरुषच म्हणतात. पण दुसरं होतं कोण?

"तुझ्याकडे तेची जी काय दोरी बांधलेली असात, ती सोड. तेका, तेच्या बायलेक, तेच्या पोटातल्या पोराक तुझ्या हद्दीतसून मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"चूक माझी, तेंची नाय. जा काय वसूल करूचा असात, ता माझ्याकडसून करून घे रे म्हाराजा!"

मी गप्प राहिले. त्यांनी वळून बघितलं.

"म्हण," ते म्हणाले.

"हे मी नाही म्हणणार."

"रुचिरा, म्हण. नायतर गाऱ्हाणा पुरा जायत नाय."

मागे बुटांचा आवाज आला. शिवदास होता, धापा टाकत. "ताई, वर कॅमेऱ्यात सगळं दिसतंय हो. सॅम्पल घ्यायला आलात ना तुम्ही? आवरा की." मग त्याने बाबांचे जोडलेले हात बघितले आणि माझं तोंड बघितलं. "आवरा," तो पुन्हा म्हणाला, हळू. "पण नीट आवरा." आणि तो आमच्याकडे पाठ करून रॅम्पच्या तोंडाशी उभा राहिला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मला ते म्हणायचं नव्हतं, अजूनही वाटतं म्हणायला नको होतं.

दुपारी एकला हर्षदचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेआठ वाजले होते. तो जाड जाकीट आणि टोपी घालून अंगणात उभा होता, मागे एक पानं झडलेलं बुटकं झाड. फोन श्रुतिकाने धरला होता, त्यामुळे ती दिसत नव्हती, तिचा श्वास मात्र ऐकू येत होता. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला.

बाबांनी हात जोडले, डोळे मिटले. "बा म्हाराजा..." म्हणाले आणि थांबले. डोळे उघडून म्हणाले, "हर्षद, ह्येका मालवणी समाजता?"

"कोणाला? झाडाला?"

"जागेवाल्याक."

"बाबा, प्लीज. देवाला सगळ्या भाषा येतात."

"देवाक येतत. हो देव नाय, हो त्या मातीचो राखणदार. तेका थयलीच येतली. हयसर पयला गाऱ्हाणा मी घालूक नाय, चंपान घातल्यान. तिच्या भाषेत. मी मागे रवान नुसता व्हय म्हटलंय."

"मग आता काय करायचं?"

"तू घाल."

"मी?" हर्षद हसला, मग हसायचा थांबला. लहानपणी गाऱ्हाणं सुरू झालं की हा मागच्या मागे क्रिकेट खेळायला पळायचा. "मला नाही येत ते बाबा. मला त्यातलं काहीच येत नाही."

"त्यात काय येवचा असता? कोण इलो, खयसून इलो, काय व्हया. तेका सांग. आमका सांगतंस नाय रोज, बस कशी नि रस्तो कसो?"

हर्षदने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. शेजारच्या खिडकीत कोणी आहे का, ते बघत असणार. मग टोपी काढली. झाडाकडे वळला. आम्हाला त्याची पाठ आणि थोडा गाल दिसत होता.

त्याने जर्मनमध्ये सुरुवात केली. मी नऊ वर्षांत त्याला दुकानदाराशी दोन शब्द बोलताना ऐकलं असेल, तेवढंच. सुरुवातीला तो अडखळला, एक वाक्य खोडून पुन्हा म्हणाला. बाबा कान टवकारून ऐकत होते. तो श्वास घ्यायला थांबल्याबरोबर ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

हर्षद दचकला. मग पुढे बोलायला लागला, आणि हळूहळू त्याचा आवाज बदलला. फोनवर आमच्याशी तो नेहमी थोडा घाईत, थोडा वर चढवून बोलतो, काहीतरी पटवून द्यायचं असल्यासारखा. हा आवाज खालचा होता, सावकाश, स्वतःच्या घरात बोलावं तसा. मधे गोरेगाव ऐकू आलं. मग कुडाळ. मग लवू मेस्त्री. मग श्रुतिकाचं नाव, आणि तिथे फोन हलला. प्रत्येक थांब्याला बाबा म्हणत होते, "व्हय म्हाराजा." काय मागितलं जातंय, आपण कशाला हो म्हणतोय, त्यांना एका अक्षराचाही पत्ता नव्हता. सकाळी पार्किंगमध्ये घुमला तेवढाच मोठा आवाज त्यांनी लावला होता.

मग हर्षद बोलायचा थांबला. त्याने वाकून झाडाच्या बुंध्याला हात लावला.

संपलं होतं. पण बाबांना ते कसं कळणार? ते डोळे मिटून, हात जोडून, कान फोनकडे करून पुढच्या वाक्यासाठी थांबले होते. तिकडून हर्षदही काही बोलेना, श्रुतिकाही बोलेना. मी बाबांना लगेच काही सांगितलं नाही.